तार जाड केली तरी तुटतेच: हब मोटरचं मागचं चाक नव्याने कसं बांधायचं

भूगावच्या अलीकडे "टंग" असा आवाज आला. वाटलं, टायरखालून खडा उडाला. शंभर-दोनशे मीटर पुढे गेलो आणि मागचं चाक ब्रेकच्या रबराला घासायला लागलं. चाकाची तार, म्हणजे स्पोक, गेली होती. सहा महिन्यांतली तिसरी.

माझं रोजचं येणंजाणं कोथरूड ते पिरंगुट, तीसेक किलोमीटर. साध्या २६ इंची सायकलला मागच्या चाकात २५० वॉटची गियरवाली हब मोटर बसवलेला किट लावला आहे. २५० वॉटच्या आत ताकद, ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोच्या आत वजन असेल आणि अधिकृत चाचणी संस्थेने ते तपासून मान्य केलं असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ती 'मोटार वाहन' ठरत नाही. त्यामुळे लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही आणि चांदणी चौकाचा चढ घाम न गाळता. फक्त तारांनी जीव खाल्ला होता. सायकल दुरुस्तीवाल्या मामांकडे गेलो.

"मामा, परत गेली."

"जाणारच. मोटरचं वजन आहे, पिकअप आहे. कधीपासून सांगतोय, जाड तारा टाका."

"अहो, ह्या आधीच बारा गेजच्या आहेत."

मामांनी तुटलेला तुकडा बोटात फिरवून पाहिला. "मग रिंग हलकी असेल."

रिंग हलकी होतीच, मामा त्यात चुकले नव्हते. पण तो तुकडा मी घरी आणला, भिंगाखाली धरला, वहीत थोडं गणित केलं आणि लक्षात आलं की दुखणं भलतंच आहे. नंतर तेच चाक सोडवून नव्याने बांधलं. दोन पावसाळे झाले, तार तुटलेली नाही. ते कसं केलं ते इथे सविस्तर लिहितो. मागचं चाक, गियरवाली मोटर, ३६ तारा असं धरून चाललो आहे. पुढच्या चाकाला किंवा मोठ्या डायरेक्ट ड्राइव्ह (आत गियर नसलेल्या) मोटरला जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

आधी तुटलेली तार वाचा

तुटलेली तार फेकू नका. ती कुठे तुटली यावर पुढचं सगळं ठरतं.

डोक्याजवळच्या वाकात, म्हणजे मोटरच्या फ्लँजमध्ये (तारा अडकवायच्या भोकांच्या कडेत) तार जिथे काटकोनात वळते तिथे तुटली असेल, तर ती एकतर भोकात सैल होती किंवा चाकाला ताणच कमी होता. तुटलेल्या तोंडाकडे नीट पाहा. अर्धा भाग गुळगुळीत, मळकट आणि उरलेला खरबरीत, चकचकीत दिसला, तर तडा कित्येक दिवस हळूहळू वाढत होता. झटक्यात तुटलेल्या तारेचं तोंड असं दिसत नाही. निपलपाशी (तार रिंगला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटापाशी), आट्यांच्या सुरुवातीला तुटली असेल, तर तार निपलमध्ये वाकडी शिरत होती. रिंगच्या भोकाभोवती चिरा दिसत असतील, तर रिंगच बदला.

माझ्या तीनपैकी दोन तारा वाकात गेल्या होत्या, एक आट्यांपाशी.

मोटरचा जोर दोषी नाही

हे मला स्वतःला पटायला वेळ लागला. अशा छोट्या मोटरचा चाकावरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण ४० न्यूटन-मीटर धरू. माझ्या बांधणीत तारेची रेषा मोटरच्या केंद्रापासून सुमारे २६ मिलिमीटर लांबून जाते. हा टॉर्क ३६ तारांत वाटला गेला, की प्रत्येक तारेच्या ताणात फरक पडतो जेमतेम ४३ न्यूटनचा, म्हणजे चार-साडेचार किलोचा. मुळात तारेत ताण असतो शंभर किलोच्या घरात. डिस्क ब्रेक असेल तर जोरात ब्रेक दाबल्यावर तारांवर येणारा पीळ मोटरपेक्षा जास्तच असतो.

तारा मरतात त्या वजनाने. चाक जमिनीला टेकतं तिथे रिंग किंचित चपटी होते आणि तळाच्या दोन-तीन तारांचा ताण तेवढ्यापुरता उतरतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक तार एकदा सैल होते, एकदा ताणली जाते. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर. तीस किलोमीटरला झाल्या साडेचौदा हजार फेऱ्या, तेवढेच हिसके, आणि तेही रोज. मूळ ताण भरपूर असेल तर तार उतरूनही ताणलेलीच राहते. ताण कमी असेल तर ती पूर्ण सैल पडते, भोकात हलते, वाकाशी घासते आणि निपल आपोआप सुटायला लागतो. त्यात बसलेली चेंबरची झाकणं आणि एकापाठोपाठ पाच-पाच स्पीड ब्रेकर आहेतच.

जाड तारेचा घोळ इथे होतो. रिंग किती ताण सोसेल याला मर्यादा आहे. तार जाड केली म्हणून रिंग जास्त ताण सोसणार नाही. १०० किलोच्या ताणाला २० सेंटिमीटरची १४ गेजची, म्हणजे २ मिलिमीटर जाडीची तार ०.३२ मिलिमीटर लांबते. १२ गेजची, म्हणजे २.६ मिलिमीटरची तार लांबते फक्त ०.१९. आता खड्ड्यात रिंग पाव मिलिमीटर आत दबली असं समजा. बारीक तार अजून ताणलेली आहे, जाड तार कधीच सैल पडली. हब मोटर मोठी, म्हणून तारा आधीच आखूड. तार जितकी आखूड, तितका तिचा लवचीकपणा कमी. वर ती जाडही केली की चाक जवळजवळ लाकडी होतं.

काय घ्यायचं

मी घेतल्या त्या तेरा-चौदा गेजच्या तारा. वाकापाशी २.३ मिलिमीटर आणि पुढे आट्यांपर्यंत २ मिलिमीटर. जिथे तुटते तिथे जाड, जिथे ताणायला हवी तिथे बारीक. नेहमीच्या दुकानात मिळणार नाहीत, मागवाव्या लागतील. नाहीच मिळाल्या तर साध्या १४ गेजच्या चांगल्या स्टेनलेस तारा घ्या, पण मग डोक्याखाली बारीक पितळी वायसर घालणं भागच आहे. बऱ्याच हब मोटरच्या फ्लँजची भोकं १२ गेजसाठी पाडलेली असतात, ३ मिलिमीटरची. त्यात २ मिलिमीटरची तार खुळखुळते. वायसरमुळे डोकं बाहेर ओढलं जातं आणि वाक फ्लँजला चिकटून बसतो.

हव्या त्या लांबीला तार कापून आटे पाडून देणारे दुकानदार अजून आहेत, नाना पेठेत विचारपूस केलीत तर सापडतील. मात्र आटे दाबून पाडणारं मशीन आहे ना, हे विचारा. डायने कापून पाडलेले आटे तारेचं मांस खातात आणि तार तिथेच तुटते.

रिंग दुहेरी भिंतीची हवी. शक्यतो भोकांना धातूची कडी बसवलेली, ३६ भोकांची. १२ गेजच्या निपलसाठी रिंगची भोकं मोठी करून देतो असं कुणी म्हणालं, तर हात जोडून निघून या. भोकं एका बाजूला सरकवलेली रिंग मिळाली तर मागच्या चाकासाठी सोनं. का, ते ताणाच्या भागात येईल.

निपल पितळीच. अॅल्युमिनियमचे हलके असतात, पण आपल्या पावसात स्टीलच्या तारेबरोबर धरून बसतात आणि पुढे पान्ह्याने फिरवायला गेलं की कडा गोल होतात.

मापं आणि तारेची लांबी

किटमधल्या जुन्या तारेची लांबी मोजून तीच मागवू नका. रिंग बदलली की लांबी बदलते.

पहिलं माप ईआरडी, म्हणजे रिंगमध्ये समोरासमोरच्या दोन निपलांच्या बैठकींमधलं अंतर. दोन जुन्या तारा बरोबर २०० मिलिमीटरला कापा, निपलच्या खाचेच्या तळाशी तारेचं टोक येईल एवढे निपल चढवा, रिंगच्या समोरासमोरच्या भोकांतून आत घालून दोन्ही ताठ ओढा आणि मधली फट मोजा. ४०० अधिक फट, हा ईआरडी. तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या. माझी आली ५४०.

दुसरं पीसीडी, म्हणजे फ्लँजवरच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास. इथे व्हर्नियर आडवा धरता येत नाही, मोटरचं पोट मध्ये येतं. मी कागदाची पट्टी फ्लँजच्या कडेभोवती घट्ट गुंडाळली, जोडावर पेन्सिलने खूण केली, पट्टी उलगडून मोजली आणि ३.१४१६ ने भागलं. त्यातून भोकाचं केंद्र कडेपासून जेवढं आत आहे त्याच्या दुप्पट वजा केलं. १२० मिलिमीटर. पट्टी मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी व्यासात ०.१६ चाच फरक पडतो, म्हणून ही रीत मला व्हर्नियरपेक्षाही आवडली.

तिसरं, चाकाच्या मध्यापासून प्रत्येक फ्लँज किती लांब. अॅक्सलच्या दोन्ही लॉकनटमधलं अंतर मोजा, मागे बहुतेक १३५ असतं. त्याचा अर्धा, ६७.५. त्यातून लॉकनटपासून फ्लँजपर्यंतचं अंतर वजा करा. माझं डावीकडे २८, उजवीकडे फ्रीव्हीलमुळे १८.

आता सूत्र. 'क' म्हणजे ईआरडीचा अर्धा, 'म' म्हणजे पीसीडीचा अर्धा, 'अ' म्हणजे मध्यापासून फ्लँजचं अंतर.

लांबी = √(क² + म² + अ² − २ × क × म × कोसाइन(कोन)) − भोकाचा अर्धा व्यास

फुली म्हणजे एक तार त्याच बाजूच्या दुसऱ्या तारेला ओलांडते ती जागा. ३६ तारांच्या चाकाला एका फुलीचा कोन २० अंश, दोन फुल्यांचा ४०, तीन फुल्यांचा ६०. माझ्या आकड्यांनी एका फुलीला डावीकडे २१४.९ आणि उजवीकडे २१३.९ आलं. २१५ आणि २१४ मागवल्या. मिलिमीटरभर इकडेतिकडे चालतं. फोनमधल्या कॅल्क्युलेटरला कोन अंशांत द्यायचा आहे हे विसरू नका. मी एकदा विसरलो आणि उत्तर इतकं भलतं आलं की निदान चूक लगेच कळली.

एकच फुली का

आपल्याकडे सायकलचं चाक म्हटलं की तीन फुल्या, हे हाताला बसलेलं आहे. साध्या हबचा फ्लँज लहान, तिथे ते बरोबर. मोटरचा फ्लँज मोठा असतो. तिथे तीन फुल्या टाकल्या तर तार रिंगमध्ये फार तिरकी शिरते. माझ्या मापांत तीन फुल्यांना हा कल १२.२ अंश येतो, दोन फुल्यांना ९.८, एका फुलीला ५.५. रिंगचं भोक बहुधा सरळ पाडलेलं असतं, निपल काही अंशच वळू शकतो. त्यापुढे तार निपलच्या तोंडाशी वाकते आणि पहिल्या आट्यावर तुटते. माझी तिसरी तार अशीच गेली होती. किटवाल्याने तीन फुल्या टाकून दिल्या होत्या.

मोठ्या डायरेक्ट ड्राइव्ह मोटरचा पीसीडी २०० असेल, तर एका फुलीलाही कल ११ अंश येतो आणि तीन फुल्यांना २१.५. अशा मोटरला एकच फुली टाका आणि गोल बुडाचे निपल वापरा, ते भोकात जास्त वळतात.

सरळ सूर्यकिरणांसारख्या तारा मात्र टाकू नका. मोटरचा पीळ रिंगपर्यंत न्यायला थोडा तिरकेपणा लागतोच.

बांधणी

संध्याकाळी चहा घेऊन बसा, घाई नको. आट्यांना जवसाचं तेल लावा. रंगाच्या दुकानात उकळलेलं अळशीचं तेल मिळतं ते उत्तम. आज ते वंगणाचं काम करतं आणि काही दिवसांत सुकून निपलला धरून ठेवतं. निपल रिंगमध्ये बसतो तिथेही एक थेंब.

प्रत्येक फ्लँजला एकाआड एक तारांची डोकी आत-बाहेर ठेवा. शेजारच्या दोन भोकांतल्या तारा एकमेकींना फ्लँजपासून साधारण चार सेंटिमीटरवर ओलांडतात. साध्या चाकात तिथे एक तार दुसरीच्या खालून विणतात. इथे विणू नका. एवढ्या आखूड अंतरात विणली की तारेला कायमचा बाक येतो. व्हॉल्व्हच्या भोकाच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींपासून दूर जातील अशी सुरुवात करा, नाहीतर पंपाचं डोकं आत जाणार नाही. मी पहिल्या वेळी नेमकं हेच चुकलो आणि सगळं सोडवून पुन्हा बसलो.

सगळे निपल आट्यांचं शेवटचं टोक झाकेल इतके सारखे फिरवा. मग तारेचा वाक अंगठ्याने दाबून फ्लँजला चिकटवा, डोक्यावर पितळी तुकडा ठेवून हातोडीने हलका ठोका द्या. हे बरेच मेकॅनिक करत नाहीत. न चिकटलेला वाक पहिल्या महिन्यात हलत राहतो, आणि तडा तिथेच सुरू होतो.

आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला स्टँड नसला तरी अडत नाही. सायकल उलटी करा, चिमट्याला केबल टाय बांधून त्याचं टोक रिंगजवळ आणा. आधी वर-खालचा आऊट, मग डावी-उजवीचा. एका वेळी अर्धा फेरा, त्याहून जास्त नाही.

ताण

सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि दुकानात सगळ्यात कमी वेळ ह्यालाच देतात.

मागच्या चाकात दोन्ही बाजूंचा ताण सारखा असूच शकत नाही. उजवा फ्लँज मध्याच्या जवळ, १८ वर, डावा २८ वर. रिंग मध्यावर राहायची तर डाव्या बाजूचा ताण उजव्याच्या ६४ टक्के येतो. उजवीकडे ११० किलो ठेवला तर डावीकडे ७०. उजवीकडे कंजूसपणा करून ८० ठेवला तर डावीकडे उरतात पन्नासेक, आणि खड्ड्यात आधी त्याच सैल पडतात. म्हणून उजवी बाजू रिंगच्या मर्यादेपर्यंत न्यायची. भोकं तीन मिलिमीटर सरकवलेली रिंग असेल तर हेच अंतर २१ आणि २५ होतं आणि डावा ताण ८४ टक्क्यांवर येतो. म्हणून म्हटलं, ती रिंग सोनं.

ताण मोजायचा मीटर मिळाला तर उत्तम. नसेल तर कान आहेत. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल ताणणारी पोरं मीटर लावत नाहीत. तारेला नखाने छेडा आणि फोनवरच्या ट्यूनर अॅपमध्ये आकडा पाहा. २ मिलिमीटर जाडीची, निपल सोडून सुमारे २०५ मिलिमीटर मोकळी लांबी असलेली तार १०० किलोला साधारण ४९० हर्ट्झला वाजते. ११० किलोला ५१० च्या, ७० किलोला ४१० च्या आसपास. तारा विणलेल्या नाहीत, एकमेकींना टेकत नाहीत, म्हणूनच हा हिशेब लागू पडतो. तुमची लांबी वेगळी असेल तर आकडा बदलेल. तार आखूड झाली की सूर त्याच प्रमाणात चढतो. एकाच बाजूच्या सगळ्या तारा जवळजवळ एका सुरात वाजल्या पाहिजेत. एखादी बेसूर असेल आणि तरीही रिंग सरळ फिरत असेल, तर शेजारच्या तारा तिचा भार उचलत आहेत.

ताण भरला की जवळजवळ समांतर असलेल्या दोन-दोन तारा मुठीत धरून जोरात आवळा, पूर्ण चाकभर. हातमोजे घाला. कडकड आवाज येतील, तारा आपापल्या जागी बसतील आणि ताण थोडा उतरेल. पुन्हा सूर, पुन्हा आऊट. आवाज बंद होईपर्यंत हे तीनदा तरी करावं लागतं.

चाक बसवताना

अॅक्सलचे नट लावण्याआधी एक गोष्ट. हब मोटर स्वतःचा सगळा पीळ अॅक्सलवर परत ढकलते. १२ मिलिमीटरच्या अॅक्सलला दोन बाजूंनी १० मिलिमीटरवर सपाट केलेलं असतं, तेवढ्यावर ती फ्रेमला अडते. ४० न्यूटन-मीटरचा पीळ त्या सपाटीच्या कडांवर सहाशे किलोच्या आसपास जोर टाकतो. फ्रेम किंवा चिमटा अॅल्युमिनियमचा असेल तर खाच हळूहळू गोलटते, आणि एके दिवशी अॅक्सल गर्रकन फिरून मोटरची वायर पिळून तोडते. पुढच्या चाकाला असं झालं तर चाकच निसटतं. म्हणून स्टीलचा टॉर्क आर्म, म्हणजे अॅक्सलला फ्रेमशी जखडून फिरू न देणारी पट्टी, लावाच. किटबरोबर पातळ पत्र्याचा मिळाला असेल तर तो फेका आणि ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पट्टीचा, अॅक्सलवर घट्ट बसणारा करून घ्या. नट ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा.

वायर अॅक्सलमधून बाहेर येते तिथे तिला खाली झोल देऊन मग वर न्या. पावसाचं पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, मोटरमध्ये शिरणार नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो हे पुण्यात कुणाला सांगायला नको, तरी अॅक्सलपर्यंतच्या पाण्यातून सायकल काढणारे भेटतातच. मोटर पाऊस सोसते, डुबकी सोसत नाही.

बॅटरी कॅरियरवर असेल तर फ्रेमच्या त्रिकोणात आणा. मागच्या चाकावर मोटर, तुम्ही आणि वर तीन किलोची बॅटरी, हे जास्त होतं. टायर फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद घ्या. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, आणि खड्ड्याचा पहिला तडाखा रिंगऐवजी टायर खातो.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा सूर तपासा, थोडा उतरलेला असतोच. मग पाचशेनंतर. त्यापुढे मी फक्त पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बघतो.

डाव्या आणि उजव्या मापाच्या दोन-दोन जादा तारा आणि निपल चेनजवळच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवल्या आहेत. उजवीकडची तार बदलायची तर आधी फ्रीव्हील काढावं लागतं, त्याचा पान्हा रस्त्यात कुणाकडे मिळत नाही, तो पिशवीतच असू द्या.